दारूगोळ्याचं जुनं खोकं घेण्याआधी

दुसऱ्या महायुद्धातली जर्मन दारूगोळ्याची लाकडी पेटी कुठे मिळेल, असं विचारणारे तरुण अलीकडे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर भागात भेटू लागले आहेत. कुणी रणगाड्यांची छोटी मॉडेल्स बनवतं, कुणी युद्धपट पाहून या नादाला लागलेलं असतं. छंद चांगला आहे. फक्त माझा आग्रह एवढाच, की जर्मन पेटीचा शोध सुरू करण्याआधी आपण राहतो ती जमीन नीट पाहा. ती स्वतःच त्या युद्धाची छावणी होती, आणि तिची खोकी अजून कुणाकुणाच्या माळ्यावर पडून आहेत.

उल्हासनगर म्हणजे मूळचा कल्याण कॅम्प. युद्धकाळात इंग्रज सरकारने कल्याणच्या दक्षिणेला सैनिकांसाठी ही तात्पुरती छावणी वसवली. दोन हजारांहून अधिक बराकी उभ्या राहिल्या. युद्ध संपल्यावर त्या ओस पडल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ लाखभर निर्वासितांना तिथे आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं, तरी रिक्षावाला आजही ‘कॅम्प तीन की कॅम्प चार’ असंच विचारतो. जवळच नेवाळीला त्याच युद्धासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन विमानांची धावपट्टी केली गेली. तो वाद अजून मिटलेला नाही. जून २०१७ मध्ये तिथे मोठं आंदोलन पेटलं होतं. अंबरनाथला संरक्षण खात्याचे कारखाने आहेत, आणि ऑर्डनन्सच्या वसाहतीत लहानाची मोठी झालेली कित्येक माणसं आज बदलापुरात राहतात. जमवणाऱ्याला याहून सुपीक जागा क्वचितच मिळेल.

म्हणून सुरुवात घरांपासून करा, दुकानांपासून नको. जुन्या बराकी पाडून इमारती उठताहेत. घर रिकामं करताना पहिल्यांदा बाहेर जातं ते माळ्यावरचं लाकूड. लष्करी खोकं मजबूत असतं, त्याला कडी-कोयंडा असतो, झाकण घट्ट बसतं. त्यामुळे अशी खोकी वर्षानुवर्षं धान्याला, सुताराच्या हत्यारांना, गोधड्यांना वापरली गेली. घर पाडायला काढलंय असं कळलं, की कंत्राटदाराआधी घरमालकाला भेटा. भंगारवाल्याकडे गेल्यावर त्याच खोक्याचं निव्वळ जळाऊ लाकूड होतं आणि ते कुठून आलं हे सांगणारं कुणी उरत नाही.

माझ्याकडे कॅम्पमधल्या एका कुटुंबाकडून आलेली चिडाच्या लाकडाची पेटी आहे. बाहेरून शेवाळी हिरवा रंग, तो जिथे उडालाय तिथे खाली विटकरी थर. दोन्ही बाजूंना दोरीच्या मुठी. एक मूळची, दुसरी केव्हातरी नायलॉनची लावलेली. समोर पांढऱ्या अक्षरांत वजन पाउंडात, त्याच्या शेजारचा शिक्का रंगाच्या दुसऱ्या हाताखाली अर्धा बुजलेला. झाकण उघडलं की आतल्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेला हिशेब दिसतो, सिंधीत, उजवीकडून डावीकडे. घरातल्या आजींनी चष्मा लावून तो मला वाचून दाखवला: पीठ, घासलेट, कुणाला तरी दिलेले उसने पैसे. या हिशेबाच्या फळीला मी पॉलिशपेपर लावू दिला असता, तर पेटीतलं सगळ्यात मोलाचं तेवढंच निघून गेलं असतं. तुम्हीही पेटी घेताना तिचा लष्करी काळ आणि तिचा घरातला काळ, दोन्ही एकत्रच घ्या. एक पुसून दुसरा उजळवायला जाऊ नका.

आता ओळख. पेटीचं वय ठरवायला सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे तिच्यावरचे आकडे आणि खुणा, आणि त्या वाचायला एक साधी युक्ती पुरते. खोली अंधारी करा, मोबाईलचा टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून एका बाजूने तिरका पाडा. समोरून काहीच न दिसणारी अक्षरं रंगाच्या उंचवट्याने वर येतात. त्याच उजेडात फोटो काढा, मग दुसऱ्या बाजूने टॉर्च धरून पुन्हा काढा.

काय शोधायचं? पहिलं, वजनाचं एकक. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा. पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने किलो रुळला. भारतीय पेटीवर वजन पाउंडात असेल, तर ती साधारण १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची समजायला हरकत नाही. किलो असेल तर नंतरची, किंवा जुनीच पण पुन्हा भरून नव्याने रंगवलेली. दुसरं, बाणाची खूण. तीन रेघांचा वर तोंड केलेला बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची जुनी निशाणी. हा बाण दिसला की विक्रेते लगेच ‘महायुद्धाची’ म्हणतात. त्याला भुलू नका. लष्करी गाड्यांच्या नंबरप्लेटवर तो आजही असतो. बाण तुम्हाला मालक सांगतो, वर्ष सांगत नाही. तिसरं, कारखान्याचं नाव किंवा अक्षरं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, त्यामुळे खडकीची खूण कुठल्याही काळात येऊ शकते. वरणगावचा कारखाना मात्र १९६४ सालचा. त्याचं नाव असलेली पेटी कुणी ‘दुसऱ्या महायुद्धातली’ म्हणून विकायला काढली तर तिथेच नमस्कार करून निघा.

नंतरच्या काळाच्या खुणा त्याहून सोप्या आहेत. नारिंगी चौकोन टोकावर उभा केलेला, त्यात स्फोटाचं चित्र आणि ‘एक-पूर्णांक’ने सुरू होणारा वर्गाचा आकडा, हे लेबल संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीतलं, म्हणजे युद्धानंतरचं. तेरा आकड्यांचा, चार-दोन-तीन-चार असा तोडून लिहिलेला साठा क्रमांक नाटोच्या पद्धतीचा. नाटोच मुळी १९४९ साली स्थापन झाली. देवनागरी अक्षरं असतील तर पेटी जवळजवळ नक्कीच स्वतंत्र भारताची. अशा पेट्यांना कमी लेखू नका. १९६५ किंवा १९७१ सालच्या तारखेची पेटी आपल्या संग्रहात अभिमानानेच ठेवावी अशी असते.

अंबरनाथमध्ये एक खास गफलत होते. तिथे विम्को या आगपेट्यांच्या कंपनीचा मोठा कारखाना होता, आणि मागे औद्योगिक वसाहत आहे. माल पाठवायची लाकडी खोकी, यंत्रांच्या सुट्या भागांचे क्रेट, प्लायवूडचे चहाचे डबे हे सगळं या भागात भरपूर फिरलं आहे. हिरवा रंग मारला की त्यातलं काहीही ‘मिलिटरी पेटी’ म्हणून खपतं. दारूगोळ्याची पेटी तिच्या वजनासाठी बांधलेली असते: फळ्या जाड, तळाला आणि झाकणाला आडव्या पट्ट्या, उचलायला दोन माणसांच्या मुठी, आणि आत बहुधा डबे किंवा गोळे हलू नयेत म्हणून खाचा वा आडवे तुकडे. आतला भाग पाहिल्याशिवाय पैसे काढू नका.

एवढी तयारी झाली की जर्मन पेटीकडे वळा. ती इकडे कशी येईल, याचा विचार आधी करा, कारण विक्रेता सांगतो त्या गोष्टीची परीक्षा तिथेच होते. भारतीय सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत जर्मनांशी लढल्या. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शिपाई नामदेव जाधव यांना तोच सन्मान ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर गाजवलेल्या शौर्याबद्दल. जर्मन दारूगोळ्याची खोकी आपल्या माणसांनी प्रत्यक्ष पाहिली, जिंकली, हे खरं आहे. पण जहाजात जागा मौल्यवान होती, आणि रिकामी खोकी रणांगणावर चुलीत जात. एखादी पेटी खरोखर कुणा सैनिकासोबत आली असेल, तर त्या घरात डिस्चार्जचा कागद, पदकं, एखादा फोटो असं काहीतरी सापडायला हवं. नुसतं ‘आजोबा मिलिटरीत होते’ एवढ्यावर जर्मन पेटीची किंमत देऊ नका.

खऱ्या जर्मन पेटीची काही लक्षणं सांगतो. रायफलच्या ७.९२ मिलिमीटर काडतुसांची सगळ्यात नेहमीची लाकडी पेटी ‘पाट्रोनेनकास्टेन ८८’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात १५०० काडतुसं बसत: १५ काडतुसांचं एक पुडकं, अशा २० पुडक्यांचा ३०० चा एक पुठ्ठ्याचा डबा, आणि असे पाच डबे. पेटीचं आतलं माप या हिशेबाशी जुळतं का ते पाहा. बाहेर कागदी लेबल चिकटवलेलं असे, त्यावर काडतुसाचा प्रकार, संख्या आणि कारखान्याचा सांकेतिक शब्द. युद्धकाळात कारखान्याचं नाव लपवण्यासाठी बहुधा तीन लहान अक्षरांचा संकेत वापरत. तपासणी खात्याचा शिक्का म्हणजे गरुड आणि त्याखाली डब्ल्यू, ए, ए या अक्षरांपुढे एक आकडा. वजन किलोतच, कारण जर्मनीत मेट्रिक माप आधीपासून होतं. त्यामुळे वर सांगितलेला पाउंडाचा नियम इथे लावू नका. रंगाबाबत, फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन लष्कराने वाहनं आणि सामानासाठी गडद पिवळा रंग घेतला, त्याआधी करडा. पुष्कळ खोकी मात्र बिनरंगाचीच राहिली. आणि तोफेचे गोळे नेण्यासाठी वेताच्या विणलेल्या टोपल्याही जर्मन सर्रास वापरत, त्यामुळे एखादी उंच, नळीसारखी वेताची टोपली दिसली तर ती फुलदाणी समजून सोडून देऊ नका.

बाजारात ‘जर्मन’ म्हणून येतं त्यातलं बरंच चित्रीकरणासाठी किंवा हौशी लोकांसाठी केलेलं नवं काम असतं. ते पकडायला ओरखडे पाहा. जुन्या पेटीवरचा ओरखडा अक्षरांना कापून जातो. नव्या पेटीवर ओरखडे आधी पाडलेले असतात आणि मग छाप मारलेला असतो, म्हणून रंग ओरखड्याच्या खोलात उतरलेला दिसतो. नख फिरवलं तरी कळतं. स्क्रू पाहा: चौफुलीच्या खाचेचे असतील तर निदान ते बदललेले आहेत. पट्टी जिथे सैल झाली असेल तिथे तिच्याखालचं लाकूड पाहा. ऐंशी वर्षं झाकलेला भाग उघड्या भागापेक्षा स्पष्ट फिका असतो. आणि कोपऱ्यात कुठे गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं आणि उष्णता-प्रक्रियेची अक्षरं असा जळका शिक्का असेल, तर ते लाकूड आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या २००२ सालच्या नियमानंतरचं आहे. विकणारे हा शिक्का खरवडून काढतात. खरवडलेली चौकोनी जागाही तेवढंच सांगते.

युरोपातून थेट मागवायचा विचार असेल तर घाई करू नका. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत, लाकडाला वनस्पती-संसर्गाचे नियम आहेत, आणि भाडं पेटीच्या किमतीच्या वर जातं. पैसे भरण्याआधी कस्टमच्या दलालाशी बोला. नुसतं पाहून शिकायचं असेल तर अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जा. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन, जपानी, ब्रिटिश वाहनं आणि शस्त्रं तिथे जवळून पाहता येतात; त्या काळचे रंग, रिबिटं, अक्षरांची वळणं डोळ्यात बसली की नकली काम लगेच खटकतं. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार पालथा घालायला हवाच, पण तिथे खरेदीला जाण्याआधी एकदा नुसतं बघायला जा.

कायद्याचं थोडक्यात. रिकामी लाकडी पेटी बाळगायला परवाना लागत नाही, आणि पुरावस्तू कायद्याची साधारण शंभर वर्षांची अट या पेट्यांना अजून लागू होत नाही. पण १९५९ चा शस्त्र कायदा दारूगोळ्यात त्याचे भागही मोजतो. पेटीत काडतूस, फ्यूज, गोळ्याचा तुकडा असं काहीही निघालं तर ते ‘शोभेला’ ठेवायचं नाही. दुसरं, पावती घ्या. संरक्षण कारखान्यांचं जुनं लाकूड आणि भंगार लिलावाने विकलं जातं; केंद्र सरकारच्या एमएसटीसी या कंपनीचे ऑनलाइन लिलाव त्यासाठी प्रसिद्ध आहेत, आणि लिलाव घेणाऱ्याकडे त्याची कागदपत्रं असतात. तुम्ही त्याच्याकडून दोन पेट्या घेतल्या तरी साध्या कागदावर तारीख, वर्णन आणि सही घ्या. कारखान्याच्या भिंतीपाशी उभं राहून कामगारांना ‘एखादं खोकं बाहेर काढा ना’ असं कधीही विचारू नका. त्या माणसाची नोकरी जाईल, आणि चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा तुमच्यावर येईल. नेवाळीच्या धावपट्टीवर धातुशोधक यंत्र घेऊन फिरणं हेही तसंच. ती जागा संरक्षण खात्याच्या ताब्यातली आहे आणि तिथल्या शेतकऱ्यांची जखमही ओली आहे.

एका गोष्टीवर मात्र मी लांबण लावणार आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज पेटून फुटलं. त्यात सुमारे १४०० टन स्फोटकं होती. गोदी आणि भोवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसं मेली. स्फोटक जुनं झालं म्हणजे निकामी झालं, असा समज फार पसरलेला आहे आणि तो जीवघेणा आहे. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंज या लष्करी गोळीबार-सराव क्षेत्राच्या परिसरात भंगारासाठी न फुटलेले गोळे हाताळताना गावकऱ्यांचे प्राण गेले आहेत. म्हणून अनोळखी पेटी उचलताना आधी हलकी तिरपी करा. आत काही घरंगळलं, किंवा ती दिसण्यापेक्षा जड लागली, तर जिथे आहे तिथेच ठेवा. उघडू नका, गाडीत घालू नका, पोलीस ठाण्यात घेऊन जाऊ नका. सगळ्यांना लांब करा आणि ११२ ला फोन लावा. फळ्यांच्या फटीत पिवळे किंवा पांढरे स्फटिक साचलेले दिसले, तरी हेच करा.

पेटी घरी आली, की लगेच इतर लाकडी सामानात मिसळू नका. जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, खाली पांढरा कागद अंथरून दोनेक महिने वेगळी ठेवा. कागदावर बारीक भुसा पडला तर आत किडा जिवंत आहे. त्यासाठी बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचं पाण्यातलं द्रावण ब्रशने द्यावं, पण फक्त बिनरंगाच्या, बिनअक्षरांच्या भागाला: तळ आणि आतल्या बाजूला. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि काही पेट्यांच्या लाकडाला बुरशीविरुद्ध विषारी औषध दिलेलं असे. म्हणून घासकाम अजिबात नको. मऊ कोरडा ब्रश, तोंडावर मास्क, हातात मोजे, एवढंच. ओलं फडकं वापरायचंच असेल तर कानातल्या कापसाच्या काडीने एका कोपऱ्यात आधी तपासा; काडीवर रंग उतरला तर थांबा. अशा पेटीत धान्य किंवा लहान मुलांची खेळणी ठेवू नका. व्हार्निश मारू नका, ते अक्षरं कायमची पिवळी करून टाकतं. बिजागऱ्यांचा सुटा गंज ब्रशने झाडून वर मेणाचा अगदी पातळ हात द्या.

आपल्याकडचा खरा शत्रू पाऊस आहे. वालधुनी नदी भरली की उल्हासनगर आणि अंबरनाथच्या सखल वस्त्यांत पाणी शिरतं, आणि त्या पाण्यात कारखान्यांची रसायनंही असतात. बदलापुरात उल्हास नदी काय करू शकते ते २००५ च्या २६ जुलैला आणि पुन्हा २०१९ च्या जुलैअखेरीस, महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली तेव्हा, सगळ्यांनी पाहिलं. तळमजल्यावर राहत असाल तर पेट्या जमिनीवर ठेवू नका. लोखंडी घोड्यावर, भिंतीपासून वीतभर लांब, वाळवी चढताना दिसेल अशा ठेवा. पावसाळ्यात प्लॅस्टिकने झाकू नका, आत बुरशी धरते. सुती चादर पुरे. महिन्यातून एकदा झाकण उघडून हवा द्या.

गरुड आणि स्वस्तिकाचा शिक्का असलेली पेटी दिवाणखान्यात मिरवायची का, हा प्रश्न मला विचारला जातो. ती ठेवा, पण तिच्याशेजारी एक चिठ्ठी हवी: ही कुणाची, कुणाविरुद्ध वापरली गेली, आणि आपले कोण त्यासमोर उभे होते. ज्या राजवटीने लाखो निरपराधांना ठार केलं, तिचं चिन्ह नुसती सजावट म्हणून भिंतीवर लावायला माझा विरोध आहे.

शेवटचं काम वहीचं, आणि ते पहिल्या दिवशीच करायचं. प्रत्येक पेटीला नंबर द्या, पण पेटीवर लिहू नका. दोऱ्याने चिठ्ठी बांधा. वहीत लांबी-रुंदी-उंची, लाकूड, रंगाचे थर वरून खाली, सगळी अक्षरं जशीच्या तशी, न कळलेलीसुद्धा. मग ती कुणाकडून, कुठल्या कॅम्पातून, कुठल्या माळ्यावरून आली, आणि त्या घरात तिचा काय उपयोग होता. घरातलं कुणी वयस्क बोलायला तयार असेल तर परवानगी घेऊन मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, सिंधीत बोलत असतील तर सिंधीतच. ऑर्डनन्समधून निवृत्त झालेले काका-मामा ओळखीत असतील तर त्यांना खोक्यांच्या बांधणीबद्दल विचारा, कारखान्यात काय बनत होतं याबद्दल नको. वहीचे फोटो काढून एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. पुरात वही आणि पेटी एकदमच जातात.